नापासांचा मे महिना

मे महिना लागला की शहरातल्या विजेच्या खांबांवर जाहिराती लटकायला लागतात. अबॅकस, पोहणं, वैदिक गणित, इंग्रजी संभाषण, संस्कार वर्ग, व्यक्तिमत्त्व विकास शिबिर. घरातली पुस्तकं, ओळखीपाळखी आणि आडनाव यांनी ज्यांचं व्यक्तिमत्त्व आधीच विकसित केलेलं असतं, त्या मुलांचा विकास उन्हाळ्यातही थांबत नाही. त्याच महिन्यात आपल्या वस्त्यांमधली मुलं लग्नाच्या पंगतीत केटररच्या हाताखाली ताटं उचलतात, आईबरोबर धुण्याभांड्याला जातात, धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन दुपार काढतात. ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबांतली मुलं सहा महिने शाळेबाहेर राहून नुकतीच गावी परतलेली असतात. यातल्या काही मुलांच्या दप्तरात आता एक नवा कागद असतो. पाचवीत किंवा आठवीत नापास झाल्याचा.

हा कागद कुठून आला ते आधी पाहू. शिक्षण हक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला तेव्हा त्याच्या कलम १६ नुसार आठवीपर्यंत कुठल्याही मुलाला त्याच वर्गात मागे ठेवता येत नव्हतं. २०१९ मध्ये संसदेने हे कलम बदललं. पाचवी आणि आठवीच्या शेवटी परीक्षा घ्यायची, नापास होणाऱ्या मुलाला अतिरिक्त शिकवणी द्यायची, निकालापासून दोन महिन्यांच्या आत फेरपरीक्षा घ्यायची आणि त्यातही नापास झालं तर मागे ठेवायचं की नाही हे सरकारने ठरवायचं, अशी तरतूद झाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये आपले नियम त्याप्रमाणे बदलले. केंद्र सरकारने डिसेंबर २०२४ मध्ये केंद्रीय विद्यालयं, नवोदय विद्यालयं अशा आपल्या शाळांसाठी तेच केलं. तामिळनाडू सरकारने आपल्याकडे आठवीपर्यंत नापास न करण्याचं धोरण चालूच राहील, असं त्याच वेळी जाहीर केलं.

या तरतुदीतलं 'नापास' सगळ्यांच्या लक्षात राहिलं, 'अतिरिक्त शिकवणी' मात्र विसरली गेली. आपल्याकडे निकाल लागतो १ मेच्या आसपास. त्यापुढचे दोन महिने म्हणजे उन्हाळ्याची सुट्टी आणि शाळा उघडतानाची धावपळ. म्हणजे ज्या शिकवणीच्या भरवशावर मुलाला नापास करण्याची परवानगी घेतली, ती शिकवणी बरोबर शाळेला कुलूप असतानाच द्यायची आहे. ती कोण देणार, कुठे देणार, आणि मूल त्या वेळी गावात तरी असणार का? याचं उत्तर नीट दिलं नाही तर ही फेरपरीक्षा म्हणजे त्याच मुलाला दोन महिन्यांत दुसऱ्यांदा नापास करण्याची सोय ठरेल. आणि ही मुलं बहुतांशी कुठल्या वस्त्यांमधून येणार हे या पानाच्या वाचकाला समजावून सांगण्याची गरज नाही.

म्हणूनच मला उन्हाळी वर्गाबद्दल लिहायचं आहे. गेली काही वर्षं आम्ही चार-पाच जण मिळून मे महिन्यात वस्तीतल्या विहारात चार आठवड्यांचा वर्ग घेतो. सकाळी साडेसात ते दहा, कारण त्यानंतर वरचा पत्रा तापतो. मुलं चौथीपासून नववीपर्यंतची, सगळी कुठे ना कुठे मागे पडलेली. मूल वर्गात येतं तेव्हा आईवडील एकच वाक्य सांगतात: "याला कॉन्फिडन्सच नाही हो." शिक्षकही तेच म्हणतात. जणू रक्तात लोह कमी असावं तसा या मुलांच्या अंगात आत्मविश्वास कमी आहे आणि बाहेरून त्याची गोळी द्यायची आहे. माझं म्हणणं याच्या उलट आहे. हीच मुलं भाव करतात, रेशनच्या रांगेत आपला नंबर सोडत नाहीत, दारूच्या नशेत आलेल्या बापाला समजावून झोपवतात. ती वर्गात गप्प होतात, कारण तिथे त्यांना गप्प केलं गेलेलं असतं.

मराठीत अशा मुलाला एकाच अक्षरात निकाली काढता येतं: 'ढ'. ब्राह्मी लिपीपासून आजपर्यंत बाकीची अक्षरं बदलत गेली पण 'ढ' जसंच्या तसं राहिलं, म्हणून जो बदलत नाही तो 'ढ', असं या शब्दाचं स्पष्टीकरण कौतुकाने सांगितलं जातं. ते खरं असो वा नसो, त्यामागची समजूत पाहा. हे मूल असंच होतं, असंच आहे, असंच राहणार. जन्मावरून माणसाची लायकी कायमची ठरवणाऱ्या समाजाला हा शब्द सापडला यात नवल नाही. जातीत जसं वर सरकता येत नाही, तसं 'ढ'पणातूनही बाहेर पडता येत नाही.

हे केवळ माझं म्हणणं नाही. कार्ला हॉफ आणि प्रियंका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशातल्या गावांतल्या सहावी-सातवीच्या मुलांबरोबर एक प्रयोग केला आणि २००४ मध्ये त्याचे निष्कर्ष मांडले. मुलांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली. जेवढी सुटतील तेवढे पैसे. कुणाची जात पुकारली नाही तेव्हा दलित मुलं आणि सवर्ण मुलं यांच्या कामगिरीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. पण कोडी देण्याआधी प्रत्येकाचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली तेव्हा दलित मुलांनी सोडवलेल्या कोड्यांची संख्या ठळकपणे घसरली. गावं, कोडी आणि पैसे तेच होते. मधल्या काळात कुणाची बुद्धी कमी झालेली नव्हती. झालं एवढंच की मुलाला आठवण करून दिली गेली, तू कोण आहेस आणि तुझ्याकडे इथे कसं पाहिलं जातं.

आता आपल्या शाळा आठवा. शिष्यवृत्तीचे अर्ज आले की वर्गात हाक येते, "एससीवाले उभे राहा." पन्नास जणांमध्ये पंधरा-वीस मुलं खाली मान घालून उभी राहतात. शिष्यवृत्ती हा हक्क आहे, ती नको असं कुणीच म्हणणार नाही. पण तिचा अर्ज मुलाच्या किंवा पालकाच्या हातात शांतपणे देता येतो, त्यासाठी वर्गात जात पुकारावी लागत नाही. तासाच्या सुरुवातीला जात पुकारून झाल्यावर त्याच मुलाला फळ्यावर गणितासाठी बोलावलं तर हात का थरथरतो याचं उत्तर त्या प्रयोगात आहे.

आणखी एक अभ्यास इथे सांगायला हवा, कारण तो आपल्यालाच टोचणारा आहे. रेमा हॅना आणि ली लिंडन यांनी एका भारतीय शहरात मुलांच्या उत्तरपत्रिका शिक्षकांकडून तपासून घेतल्या. मुखपृष्ठावरची जात चिठ्ठ्या टाकाव्यात तशी कशीही लिहिलेली होती. 'खालची' जात लिहिलेल्या पेपरला थोडे कमी गुण पडले. फरक फार मोठा नव्हता, पण तो होता. आणि तो दिसला मुख्यतः तथाकथित खालच्या जातीतल्या शिक्षकांच्या तपासणीत. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या निष्कर्षाचा काही जण आनंदाने वापर करतील, की बघा, तुमचेच लोक. मला त्यातून वेगळं दिसतं. ज्या शाळेने त्या शिक्षकाला आयुष्यभर आपल्याच माणसांवर संशय घ्यायला शिकवलं, तिचा धडा त्याने पाठ केला. म्हणून उन्हाळी वर्गाला 'आपला' शिक्षक आला एवढ्याने काम होत नाही. त्याला आपल्या नजरेवरही काम करावं लागतं.

ही नजर बदलण्यासाठी मुलाची चूक नीट पाहणं हा सगळ्यात सोपा मार्ग आहे. सहावीतली एक मुलगी. पाटीवर गणित दिलं, ५२ वजा ३८. तिने लिहिलं २६. शाळेत यावर लाल फुली पडते आणि गोष्ट संपते. आमच्या वर्गात पहिला प्रश्न असतो, "कसं काढलंस?" ती म्हणाली, मोठ्यातून लहान वजा करायचं असतं. आठातून दोन गेले सहा, पाचातून तीन गेले दोन. म्हणजे ती अंदाजाने लिहीत नव्हती. तिला कुणीतरी नियम शिकवला होता, तो ती प्रामाणिकपणे पाळत होती. उसना घ्यायचा म्हणजे काय हे मात्र कुणी दाखवलं नव्हतं. मग तिला विचारलं, तुझ्याकडे बावन्न रुपये आहेत, अडतीसची भाजी घेतली, किती उरले? डोळ्याची पापणी लवायच्या आत उत्तर आलं, चौदा. आईबरोबर ती रोज संध्याकाळी भाजीच्या हातगाडीवर उभी असते.

तिला वजाबाकी येत होती. पण तिला येणारी वजाबाकी आणि वहीतली वजाबाकी या दोन गोष्टींची शाळेने कधी भेटच घालून दिली नव्हती. कोलकाता आणि दिल्लीच्या बाजारांत काम करणाऱ्या मुलांवरचा एक मोठा अभ्यास २०२५ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातही हेच दिसलं. गिऱ्हाइकाचा गुंतागुंतीचा हिशेब तोंडी चोख करणारी मुलं तेच गणित शाळेच्या पद्धतीने कागदावर आलं की अडखळत होती. उलट, शाळेत नियमित जाणाऱ्या मुलांना बाजारातला हिशेब जमत नव्हता. एकाच्या अडखळण्याला आपण 'अनुभव नाही' म्हणतो, दुसऱ्याच्या अडखळण्याला 'डोकं नाही'. त्या मुलीला आम्ही दहाच्या नोटा आणि रुपयाची नाणी घेऊन बसवलं. दोन रुपयांतून आठ देता येत नाहीत, मग दहाची नोट मोड. तीच कृती पाटीवर लिहिली. चौथ्या दिवशी ती दुसऱ्या मुलीला 'नोट मोडायला' शिकवत होती. आत्मविश्वास म्हणतात तो मला तिथे दिसला, आणि त्यासाठी एकही भाषण द्यावं लागलं नाही.

भाषेचंही तसंच. 'पाणी'ला 'पानी' म्हटलं की वर्ग हसतो. 'आनि', 'लोनी', 'कोन' म्हणणारं मूल चार वेळा हसं झालं की पाचव्यांदा तोंड उघडत नाही. मग शिक्षक म्हणतात, बोलतच नाही. न आणि ण यांच्यामधून मराठीत जात ऐकू येते हे आपल्या सगळ्यांना माहीत आहे. ज्यांच्या घरी गोरबोली, गोंडी किंवा पारधी बोली आहे त्यांची अडचण तर दुप्पट. आमच्या वर्गात बोलताना कुणाची भाषा सुधारायची नाही असा नियम आहे. लिहिताना प्रमाण मराठी कशी लिहितात ते वेगळं शिकवायचं, जसं इंग्रजी वेगळं शिकवतो तसं. घरची भाषा चूक आहे असं सांगितलं की मुलाला ऐकू येतं, तुझी आई चूक बोलते. ज्या वर्गात आईचा अपमान होतो तिथे कुठलं मूल मोकळं होईल?

बाकी पद्धत साधी आहे. पहिल्या दिवशी प्रत्येक मुलाला बाजूला बसवून, बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं वाचायला द्यायचं. अक्षरं ओळखतं का, काना-मात्रा वाचतं का, जोडाक्षरावर थांबतं का, एवढंच पाहायचं. हजेरीत फक्त पहिलं नाव, आडनाव नाही. गट इयत्तेनुसार न करता सध्या काय येतं त्यानुसार करायचे आणि दर आठवड्याला बदलायचे, म्हणजे कुठलाही गट कायमचा 'ढ' गट होत नाही. आठवीच्या मुलाला जोडाक्षरं शिकवायची तर चिमणी-कावळ्याची गोष्ट देऊन त्याची लाज काढायची नाही. विजेचं बिल, एसटीची पाटी, वडिलांच्या कामाची हजेरी-चिठ्ठी, वर्तमानपत्रातली क्रिकेटची बातमी, यांत सगळी जोडाक्षरं सापडतात. दोन आठवडे झाले की त्याच मुलाला दुसरी-तिसरीच्या पोरांना गोष्ट वाचून दाखवायला बसवायचं. ती पोरं तोंड उघडं टाकून त्याच्याकडे बघत असतात. आयुष्यात पहिल्यांदा तो शहाणा माणूस असतो. आणि शाबासकी द्यायची ती "हुशार आहेस" अशी मोघम नाही. "काल तीन शब्दांवर अडला होतास, आज एकावर," अशी. मोघम कौतुक खोटं आहे हे मुलांना लगेच कळतं. मोजलेली प्रगती त्यांना नाकारता येत नाही.

चार आठवड्यांत असं काय होणार, असं विचारणारे भेटतात. बिहारमध्ये जून २००८ मध्ये राज्य सरकार आणि 'प्रथम' यांनी मिळून तिसरी ते पाचवीतल्या मागे पडलेल्या मुलांसाठी महिनाभराची उन्हाळी शिबिरं घेतली. शिकवणारे सरकारी शाळेचेच शिक्षक होते आणि त्यांना या कामाचा वेगळा मोबदला मिळाला. तेवढ्या अवधीत मुलांच्या वाचनात मोजता येईल इतका फरक पडला. याच पद्धतीचं प्रशिक्षण आणि साहित्य शिक्षकांना शाळेच्या वर्षात नेहमीच्या वर्गासाठी दिलं तेव्हा मात्र तसा फरक दिसला नाही. कारण जूनमध्ये त्यांना पाठ्यपुस्तक संपवायचं नव्हतं, मूल जिथे होतं तिथून सुरुवात करायची मोकळीक होती. याआधी मुंबई आणि बडोद्यात 'बालसखी' नावाच्या कार्यक्रमात वस्तीतल्याच तरुण मुलींनी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोन तास शिकवलं होतं. त्याचाही परिणाम चांगला दिसला होता. म्हणजे मुलं शिकू शकतात आणि शिक्षकही शिकवू शकतात. अडतं ते इयत्तेच्या घोड्यावर बसलेल्या व्यवस्थेत, जी पुढे पळते आणि मागे पडलेल्याला वळून पाहत नाही. २०२४ च्या 'असर' पाहणीत ग्रामीण सरकारी शाळांमधल्या पाचवीच्या ४४.८ टक्के मुलांनाच दुसरीचा मजकूर वाचता आला. निम्म्याहून जास्त मुलं जिथे मागे आहेत, तिथे दोष एकेका मुलाच्या डोक्यात शोधणं हा कांगावा आहे.

शिकवण्यातली नजर हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे निवेदन देताना जोतीराव फुल्यांनी नुसत्या शाळा मागितल्या नाहीत. शिक्षक शक्यतो शेतकरी वर्गातले हवेत, खालच्या मानल्या गेलेल्या लोकांत मिसळणारे हवेत, हेही त्यांनी मागितलं. सावित्रीबाई आणि जोतीराव यांच्या शाळेतली मुक्ता साळवे ही चौदा वर्षांची मातंग मुलगी. तीनच वर्षं शाळेत शिकलेल्या या मुलीने लिहिलेला महार-मांगांच्या दुःखाविषयीचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. तीन वर्षांत एवढी धार कुठून आली? तिला तिच्या जगण्याबद्दल लिहू दिलं गेलं म्हणून. तिचा अनुभव हा अभ्यासाचा विषय आहे असं तिच्या शाळेने मानलं म्हणून. आजच्या शाळेने तिला 'माझा आवडता ऋतू' लिहायला लावून शुद्धलेखनाचे गुण कापले असते.

आता आपल्याबद्दल. आपल्या वस्त्यांमध्ये अभ्यासाचं महत्त्व सांगायला कमतरता नाही. जयंतीला सलग अठरा तास अभ्यासाचे उपक्रम होतात, बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी लहान मुलांनाही पाठ असते. हा आपला अभिमान आहे आणि तो राहायलाच हवा. पण नापास झालेल्या मुलाच्या कानाने हे एकदा ऐकून बघा. "बाबासाहेब अठरा तास अभ्यास करायचे आणि तुला साधे पाढे येत नाहीत?" हे वाक्य मी विहारात, घराघरांत ऐकलं आहे. ज्याने शाळेत मार खाल्ला त्याला घरीही बाबासाहेबांच्या फोटोखाली पुन्हा लाज वाटते. बाबासाहेबांचं नाव आपल्या मुलाच्या पाठीवर छडीसारखं वापरलं जाऊ नये.

त्या मुलाला बाबासाहेबांची दुसरी गोष्टही सांगता येते. १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले तेव्हा त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आजच्या भाषेत अडतीस टक्क्यांच्याही खाली. साताऱ्याच्या शाळेत ते घरून नेलेल्या गोणपाटावर वेगळे बसत, आणि शिपाई नसला तर दिवसभर पाणी मिळत नसे. मुंबईत एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिक्षकांनी त्यांना फळ्याजवळ बोलावलं तेव्हा फळ्यामागे ठेवलेले आपले डबे विटाळतील म्हणून वर्गातली मुलं डबे काढायला धावली, असा प्रसंग चरित्रकारांनी नोंदवला आहे. फळ्यापर्यंतची चार पावलं त्या मुलासाठी किती लांब असतील! आमच्या वर्गातल्या मुलांना मी ही गोष्ट सांगतो तेव्हा ती शांत होतात, आणि मग एखादा विचारतो, "म्हणजे त्यांनाही फळ्यावर जायची भीती वाटत असेल?" त्या प्रश्नानंतर बाबासाहेब त्याला जवळचे वाटायला लागतात. २८२ गुणांवरून कोलंबियापर्यंतचा रस्ता आहे हे कळणं नापास मुलाला पदव्यांच्या यादीपेक्षा जास्त उपयोगाचं आहे. मधली मेहनत कशी केली ते मग सांगता येतं, आणि मूल ते ऐकतं.

इथे एक धोका ओळखून ठेवायला हवा. वस्तीतल्या तरुणांनी फुकट वर्ग घेतले की सरकार हात झटकायला मोकळं, असं व्हायला नको. कायद्याने कबूल केलेली अतिरिक्त शिकवणी ही सरकारची जबाबदारी आहे. सुट्टीत काही करता येत नाही ही सबब खरी नाही. दुष्काळी भागात उन्हाळ्याच्या सुट्टीतही माध्यान्ह भोजन द्या, असा सर्वोच्च न्यायालयाचा आदेश २००४ पासून आहे. सुट्टीत शाळेची चूल पेटू शकते तर शाळेचा फळाही उघडू शकतो. निवडणूक आणि सर्वेक्षणाच्या कामांनी आधीच पिचलेल्या शिक्षकांवर ते फुकट लादू नये. वेगळा मोबदला द्यावा, आणि डी.एड. करून घरी बसलेल्या गावातल्याच मुलामुलींना मानधनावर घ्यावं.

हे मागायची जागाही आपल्याकडे आहे. शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या सदस्य महिला असायला हव्यात. या समितीत आपल्यापैकी किती जण जातात? निकालाच्या आठवड्यात जाऊन मुख्याध्यापकांना विचारायला हवं. पाचवी-आठवीत किती मुलं नापास झाली, त्यांतली किती अनुसूचित जाती, जमाती, भटक्या-विमुक्त आणि मुस्लिम समाजातली आहेत, त्यांची शिकवणी कोण आणि कधी घेणार, कामासाठी बाहेरगावी गेलेल्या मुलाची फेरपरीक्षा कशी होणार. उत्तर मिळालं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज आहे. एका शाळेचे आकडे किरकोळ वाटतील, पण तालुक्यातल्या पन्नास शाळांचे आकडे एकत्र ठेवले की नापास कोण होतंय ते कागदावर दिसेल. 'नापास केल्याने मुलं अभ्यासाला लागतात' असं म्हणणाऱ्यांपुढे मग तो कागद ठेवता येईल. भीतीने शिकता येत असतं तर आपल्या आज्यांच्या पिढीला साक्षर व्हायला शतकं लागली नसती.

आणि सरकारशी भांडत असताना आपला वर्ग थांबवायचा नाही. १८५५ मध्ये फुले दांपत्याने शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली तेव्हा सरकार करेल म्हणून ते थांबले नव्हते, आणि स्वतः शाळा चालवत होते म्हणून पुढे सरकारला जाब विचारायचं सोडलंही नाही. दोन्ही कामं एकाच वेळी करायची असतात. जवळपास प्रत्येक वस्तीत विहार आहे किंवा समाजमंदिर आहे. प्रत्येक वस्तीत बारावी झालेल्या, कॉलेजात जाणाऱ्या चार मुली तरी आहेत. १४ एप्रिलचा मांडव उतरल्यावर निकालापर्यंत जवळजवळ दोन आठवडे हातात असतात. जयंतीच्या वर्गणीतून पाट्या, खडू, गोष्टींची पुस्तकं आणि शिकवणाऱ्या मुलींचं मानधन बाजूला काढलं तर एका रात्रीच्या डीजेपेक्षा कमी खर्च येतो.

पुढच्या जयंतीच्या हिशेबाला बसाल तेव्हा एवढी एक ओळ त्यात घाला. आणि निकालाच्या दिवशी वस्तीतलं एखादं मूल प्रगतिपुस्तक लपवताना दिसलं तर गुण किती पडले ते विचारू नका. उद्या सकाळी साडेसातला विहारात ये, एवढंच सांगा.